आरव्हीची टाकी आणि बाहेरची शेगडी: मध्ये रेग्युलेटर किती?

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तळ्याकाठी, जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या एका गारठलेल्या सकाळी, भाड्याने घेतलेल्या आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, बाहेर आम्ही चहाचे आधण ठेवले होते. शेगडी दोन बर्नरची, नेहमीच्या वापरातली होती. गाडीच्या कुशीला असलेल्या गॅसच्या जोडणीत नवीकोरी नळी बसवली होती, टाकी भरलेली होती आणि कुठे गळतीही नव्हती. तरीही अर्धा तास होत आला तेव्हा पातेल्याच्या तळाशी चार बुडबुडे धरले होते, एवढेच. ज्योत निळी होती, पण निरांजनातल्या वातीएवढी. खटका पूर्ण फिरवला तरी ती वाढत नव्हती. त्या दिवशी आम्ही चहा आतल्या शेगडीवर केला. बाहेर नेमके काय चुकले होते ते मला नंतर कळले: टाकी आणि ज्योत यांच्यामध्ये एकाऐवजी दोन रेग्युलेटर आले होते.

आरव्हीला बाहेरची शेगडी जोडण्याचा सगळा प्रश्न या एका हिशेबावर उभा आहे. गॅस तोच असतो आणि नळ्या दिसायला सारख्याच असतात, पण टाकीपासून ज्योतीपर्यंतच्या वाटेत दाब कमी करणारा रेग्युलेटर एकच असावा लागतो. दोन झाले तर चहा होत नाही आणि एकही नसला तर भडका उडतो.

असे चाकांवरचे घर ट्रकमागे ओढण्याचे असते किंवा स्वतःच्या इंजिनावर चालणारे असते. ओढण्याच्या घराला पुढच्या दांडीवर बहुधा २० किंवा ३० पौंडांचे एक-दोन सिलिंडर बसवलेले असतात आणि ते काढून भरून आणता येतात. इंजिनवाल्या गाडीत मात्र टाकी खालच्या सांगाड्याला कायमची जखडलेली असते, त्यामुळे गाडीच पंपावर न्यावी लागते. या गॅसवर आतली शेगडी, पाणी तापवण्याचा बंब आणि थंडीतली भट्टी चालते. पुष्कळ गाड्यांतला फ्रिजही त्याच गॅसवर चालतो. मग बाहेर शेगडी कशाला, असे कोणी विचारील. लाल मिरचीची फोडणी आत घालून पाहावी: ठसका तर लागतोच, पण गाद्या-पडद्यांत वास असा मुरतो की गाडी परत करताना सफाईचे वेगळे पैसे मोजावे लागतात. शिवाय उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या डब्यात पोळ्या लाटणे ही शिक्षाच आहे.

आता दाबाकडे वळू. टाकीतला गॅस, म्हणजे प्रोपेन, दाबाखाली द्रवरूपात असतो आणि त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत वाफ साठलेली असते. आपण जाळतो ती ही वाफ. तिचा दाब टाकीत किती गॅस उरला आहे यावर ठरत नाही, हवा किती गरम आहे यावर ठरतो. तापमान २१ अंश सेल्सिअस असेल तर दाब सुमारे ११० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ११० पौंड असतो. ३८ अंशांच्या उन्हात तो १७० च्या पुढे जातो आणि पाणी गोठण्याच्या थंडीत ५५ च्या आसपास उतरतो. मोटारीच्या टायरमधली हवा ३२ ते ३५ पीएसआय असते, यावरून अंदाज यावा. टाकीत थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत हे आकडे तसेच राहतात. म्हणूनच दुकानात मिळणारा प्रोपेनचा एक पौंडाचा हिरवा डबा आणि आरव्हीवरची ३० पौंडांची टाकी एकाच उन्हात ठेवली, तर दोन्हींतला दाब सारखाच भरतो. आकारावरून दाबाचा अंदाज बांधण्याची चूक बहुतेक जण करतात. पुढचे सगळे समजायला ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते.

आरव्हीच्या आतल्या उपकरणांना एवढा दाब झेपत नाही. टाकीच्या तोंडाशी असलेला गाडीचा रेग्युलेटर तो दोन टप्प्यांत उतरवतो आणि आतल्या नळांत ११ इंच पाण्याच्या उंचीइतका दाब सोडतो. हे माप ऐकायला चमत्कारिक वाटते, पण अर्थ सोपा आहे. बादलीतल्या पाण्यात नळीचे टोक ११ इंच, म्हणजे २८ सेंटीमीटर, खोल धरून दुसऱ्या टोकातून फुंकर मारावी. खाली पहिला बुडबुडा निघायला जेवढा जोर लागतो, तेवढाच हा दाब. पीएसआयमध्ये तो जेमतेम ०.४ भरतो, म्हणजे टाकीतल्या दाबाच्या अडीचशेव्या हिश्श्याहूनही कमी. आपल्याकडच्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा रेग्युलेटर ३० सेंटीमीटर पाण्याइतका दाब देतो. म्हणजे आरव्हीतला ओटा आणि पुण्यातला ओटा या बाबतीत भाऊ-भाऊच आहेत. (एवढ्यावरून भारतातली शेगडी तिकडे नेऊन जोडू नये. आपल्या गॅसमध्ये ब्युटेनही असतो, जेटची, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीची, भोके त्या मिश्रणाच्या हिशेबाने पाडलेली असतात आणि जोडण्यांचे आटेही जुळत नाहीत.)

सहलीची शेगडी वेगळ्या हिशेबाने बनते. तिला एक पौंडाचा डबा थेट जोडायचा असतो आणि त्या डब्यात टाकीइतकाच दाब असतो, म्हणून शेगडी स्वतःचा छोटा रेग्युलेटर बरोबर घेऊनच येते. डब्याच्या गळ्याशी जी वाकडी धातूची नळी आपण फिरवून बसवतो, तिच्या टोकाचा गोळा म्हणजे तो रेग्युलेटर. दोन बर्नरच्या अनेक शेगड्यांत तो दाब १० ते १५ पीएसआयपर्यंत उतरवतो. नेमका आकडा शेगडीच्या पुस्तिकेत किंवा तळाच्या पट्टीवर दिलेला असतो आणि जोडणीचा विचार करण्याआधी तो पाहणे आवश्यक आहे. घरच्या ओट्याच्या मानाने हा दाब तीस-चाळीस पट आहे. वडापावच्या गाडीवरची फुरफुरणारी भट्टी आणि घरचा बर्नर यांच्यात जो फरक, त्याच जातीचा हा फरक समजावा.

आता माझ्या निरांजनाचे कोडे सुटते. गाडीच्या कुशीला, बहुधा चालकाच्या विरुद्ध बाजूला खाली, जी झटपट जोडणी असते, ती गाडीच्या रेग्युलेटरच्या पुढून काढलेली असते, म्हणजे तिच्यात ०.४ पीएसआयच उपलब्ध असतो. ५०-१०० पीएसआय येतील या अपेक्षेने बनवलेल्या शेगडीच्या रेग्युलेटरला मी तो क्षीण गॅस पाजला. आपल्या बारीक वाटेतून त्याने त्यातलाही काही दाब खाल्ला आणि बर्नरपर्यंत उरली ती फक्त धुगधुगी.

यावर लोक पटकन सुचवतात की शेगडीचा रेग्युलेटर काढून टाकावा आणि नळी सरळ शेगडीला लावावी. काही उपकरणांना हा उपाय लागू पडतो. ज्या ग्रिलचा किंवा शेगडीचा स्वतःचा रेग्युलेटरही ११ इंचांचाच असतो, तिचे जेट मुळातच त्या दाबासाठी पाडलेले असते. तिथे तिचा रेग्युलेटर काढला की गाडीचा रेग्युलेटर त्याचे काम करतो आणि हिशेब पुन्हा एकावर येतो. पण १५ पीएसआयच्या शेगडीचे जेट बारीक असते. जेटमधून जाणारा गॅस ढोबळमानाने दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. १५ ला ०.४ ने भागल्यास ३७ च्या वर उत्तर येते आणि त्याचे वर्गमूळ सहाच्या आसपास. म्हणजे रेग्युलेटर काढूनही आच मूळच्या सहाव्या हिश्श्यावरच अडते. जेटचे भोक घरच्या घरी ड्रिलने मोठे करण्याचे सल्लेही दिले जातात. मी ते करणार नाही आणि कोणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण भोक जरासे चुकले तरी गॅस आणि हवेचे प्रमाण बिघडून ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

तेव्हा कुशीची जोडणी वापरायची असेल तर मुळातच कमी दाबावर चालणारी आणि स्वतःचा रेग्युलेटर नसलेली शेगडी घ्यावी. आरव्हीसाठी म्हणून अशा शेगड्या विकल्या जातात. या जोडणीची बनावट जवळून पाहण्यासारखी आहे. पितळी खोबणीवर मागे सरकणारी एक कडी असते. ती मागे ओढून नळीचे टोक आत दाबायचे, कडी सोडली की टोक कट्‌कन धरले जाते आणि मग शेजारची लहान दांडी फिरवून गॅस सोडायचा. काही जोडण्यांत दांडी उघडी असताना कडी मागे सरकतच नाही, त्यामुळे गॅस चालू ठेवून नळी उपसण्याचा वेंधळेपणा करायचा म्हटले तरी करता येत नाही. टायरमध्ये हवा भरण्याच्या पंपाच्या जोडण्या हुबेहूब अशाच दिसतात, मापही अनेकदा सारखे असते आणि त्या स्वस्तही असतात. पण त्या प्रोपेनसाठी बनवलेल्या नसतात, म्हणून त्या वापरू नयेत.

नेहमीचीच, उच्च दाबाची शेगडी वापरायची असेल तर गॅस गाडीच्या रेग्युलेटरच्या आधी काढावा लागतो. त्यासाठी सिलिंडर आणि गाडीची नळी यांच्यामध्ये बसणारा पितळी त्रिमार्गी किंवा चौमार्गी तुकडा मिळतो. त्याचे एक तोंड सिलिंडरला जाते, दुसऱ्यातून गाडीला गॅस मिळत राहतो, आणि आणखी एका तोंडाला तेच आटे असतात जे एक पौंडाच्या डब्याच्या गळ्याला असतात: व्यास एक इंच, इंचाला वीस आटे. तिथून तशाच आट्यांची नळी शेगडीपर्यंत न्यायची आणि डब्याच्या जागी, शेगडीच्या रेग्युलेटरसकट, बसवायची. शेगडीच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते, तिला आपल्यापुढे एक फार मोठा डबा लागला आहे एवढेच वाटते. रेग्युलेटर इथेही एकच, पण तो शेगडीपाशी आहे. म्हणून ही सगळी नळी टाकीचा पूर्ण दाब झेलत जमिनीवर पडलेली असते. ती ३५० पीएसआयला मान्य असल्याचे तिच्या अंगावर छापलेले असले पाहिजे. कुशीच्या जोडणीबरोबर येणारी कमी दाबाची नळी इथे लावणे धोक्याचे आहे.

याहून मोठा धोका उलट्या बाजूने येतो. कुशीच्या जोडणीसाठी म्हणून ज्या ग्रिलचा रेग्युलेटर काढून ठेवला होता, तोच ग्रिल पुढच्या सहलीत कोणी या पितळी तुकड्याला लावला, की टाकी आणि ज्योत यांच्यामध्ये एकही रेग्युलेटर उरत नाही. ०.४ साठी पाडलेल्या भोकातून शंभरावर पीएसआयचा गॅस सुटतो आणि काडी लावणाऱ्याचा हात तिथेच असतो. यासाठी माझ्याकडे दोन्ही नळ्यांना दोन रंगांच्या चिंध्या बांधलेल्या आहेत. उपाय गावठी आहे, पण अंधारात टॉर्चच्या उजेडातही फसत नाही.

भाड्याच्या गाडीवर असा तुकडा बसवणे करारात बसत नाही आणि जखडलेल्या टाकीच्या गाडीत ते जाणत्या मेकॅनिकचे काम आहे. अशा वेळी आरव्हीच्या टाकीचा नाद सोडून ५ किंवा २० पौंडांचा स्वतंत्र सिलिंडर आणि सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची एक उच्च दाबाची नळी घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. पाहुणे म्हणून आलेल्यांना तर मी हेच सांगतो. सिलिंडर नेताना उभा आणि बांधून ठेवावा, राहत्या जागेत मात्र ठेवू नये.

२० पौंडांच्या सिलिंडरच्या तोंडाशी जी जाड प्लॅस्टिकची हाताने फिरवायची चकती बसते, तिच्यात दोन युक्त्या लपलेल्या आहेत. आग लागून ती चकती तापली तर तिचा आतला भाग वितळतो आणि गॅस आपोआप अडतो. दुसरे म्हणजे, नळी तुटल्यासारखा गॅस एकदम धावू लागला तर आतली गोळी वाट जवळजवळ बंद करते. या दुसऱ्या युक्तीमुळे मात्र लोक हैराण होतात, कारण झडप घाईने उघडली की रिकाम्या नळीत शिरणाऱ्या गॅसलाच ती गळती समजते आणि ज्योत पुन्हा निरांजनाएवढी होते. दोन रेग्युलेटरांची चूक आणि ही तक्रार दिसायला एकच आहे. ओळखायची खूण अशी की शेगडी व सिलिंडर दोन्ही बंद करून, नळी सोडवून पुन्हा बसवून, एखादा मिनिट थांबून झडप हळूहळू उघडली आणि ज्योत सुधारली, तर दोष घाईचा होता. तरीही ती तशीच राहिली, तर रेग्युलेटर मोजायला बसावे. अमेरिकेत २००२ पासून या आकाराच्या सिलिंडरांना जास्त भरणे रोखणारी झडप सक्तीची आहे. तिची तिकोनी मूठ ओळखता येते आणि ती सिलिंडर ८० टक्क्यांवर थांबवते, कारण तापलेल्या द्रवाला फुगायला जागा लागते.

जोडणी झाली की काडी लावण्याआधी साबणाचे पाणी. भांडी घासण्याचा द्रव साबण थोड्या पाण्यात फेसाळ करून, शेगडीचे खटके बंद आणि सिलिंडर उघडा ठेवून, जुन्या ब्रशने प्रत्येक सांध्यावर फासावा. गळती असेल तिथे बेडकाच्या गळ्यासारखा बुडबुडा फुगत जातो. शेगडीच्या आट्यांत रबरी वायसर असतो, तो वाळून चिरला असेल तर बदलावा. हाताने घट्ट होणाऱ्या जोडणीवर पान्याची ताकद लावली की हाच वायसर आधी फाटतो. धातूला धातू घट्ट बसणाऱ्या निमुळत्या जोडण्यांवर पांढरी टेप गुंडाळण्याची प्लंबरी सवय इथे अपायकारक ठरते, कारण टेपेमुळे ती जोडणी नीट बसतच नाही.

प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळलेला गॅस वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो आणि उतारावरून वाहत जातो. म्हणून गाडीतला गॅसचा इशारा देणारा यंत्रडबा जमिनीलगत बसवलेला असतो आणि म्हणूनच शेगडी गाडीच्या उतारावरच्या बाजूला, गाडीबाहेर ताणलेल्या कापडी छताखाली किंवा फ्रिजच्या बाहेरच्या जाळीसमोर मांडू नये. त्या जाळीमागे फ्रिजची स्वतःची ज्योत पेटलेली असू शकते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. पाऊस आला म्हणून ही शेगडी उचलून गाडीत न्यायची नाही, खिडक्या उघड्या असल्या तरीही नाही, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणसाला गुंगवतो.

एवढी यातायात परवडते का, याचे उत्तर आकड्यांत आहे. एक पौंड प्रोपेनमधून सुमारे २१,५०० बीटीयू उष्णता मिळते आणि दोन बर्नरची शेगडी दोन्ही खटके पूर्ण उघडल्यास तासाला २०,००० च्या आसपास खाते. म्हणजे हिरवा डबा तासाभरात संपतो, तर २० पौंडांचा सिलिंडर वीस तासांवर चालतो. रिकाम्या डब्यांचे करायचे काय हा प्रश्न तिथल्या उद्यानांना वर्षानुवर्षे छळतो आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून, एकदाच वापरायच्या या डब्यांची विक्री २०२८ च्या सुरुवातीपासून बंद करण्याचे ठरवले आहे, तेव्हा मोठ्या टाकीशी जुळवून घेणे पुढे अनेकांना भागच पडणार आहे.

काम आटोपल्यावर बंद करण्याचा क्रम उलटा ठेवावा: आधी सिलिंडरची झडप, मग नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यावी आणि शेवटी शेगडीचा खटका. लांब नळीत भरलेला गॅस त्यामुळे अडकून राहत नाही. नळी सुटली की गाडीवरच्या तोंडाला टोपण लावावे, नाहीतर माती आणि कोळी दोघेही त्यात घर करतात. यलोस्टोनमध्ये तर अस्वलांमुळे वापरात नसलेली शेगडीसुद्धा बाहेर ठेवायला मनाई आहे.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच तळ्याकाठी स्वतंत्र सिलिंडर आणि योग्य नळी घेऊन गेलो. आधण चटकन आले, पण चहा फिकाच झाला. या वेळी रेग्युलेटर निर्दोष होता. ते तळे समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांहून उंच आहे, पाणी तिथे ९२ अंशांनाच उकळते आणि पत्ती जरा जास्त वेळ उकळत ठेवावी लागते.